खांबाच्या डाव्या हाताला

"तुला कुणी धरायलाच तयार न्हाई बे," अंबादास म्हणाला. "ह्याच्यापेक्षा चांगली संधी काय पाहिजे माणसाला?"

मध्यंतर झालं होतं. मैदानाच्या कडेला अंथरलेल्या सतरंजीवर आम्ही घामेघूम बसलो होतो आणि बिराजदार सर ताटलीतून मोसंबीच्या फोडी फिरवत होते. विद्यापीठाच्या बास्केटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना सांगलीत चालला होता. आम्ही सोलापूरचे, समोर कोल्हापूरचा संघ, आणि आम्ही नऊ गुणांनी मागे. अंबादासनं पहिल्या दहा मिनिटांत इतक्या टोपल्या केल्या होत्या, की कोल्हापूरवाल्यांनी नंतर दोन माणसं त्याच्या अंगावर सोडली. तेव्हापासून त्याला चेंडू धड वर उचलताही येत नव्हता.

"दोघं येतायत अंगावर," तो फोड चोखत म्हणाला. "दोघं माझ्यावर, म्हणजे कुणीतरी एक मोकळा हाय. मोकळा कोण? पंचवाघ. नावात पाच वाघ, आणि बघून मांजरसुद्धा पळत न्हाई."

सगळे हसले. पंचवाघ म्हणजे मी. मीही हसलो. अंबादास यन्नमच्या बोलण्याचा राग येत नसे. तो बोलायचा ते बहुतेक खरं असायचं.

बिराजदार सर त्याच्याशेजारी उकिडवे बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "यन्नम, मांडवाखाली बघ. पांढरी पँट. राजाध्यक्ष साहेब. मुंबईहून फक्त हा सामना बघायला आलेत. बँकेच्या संघात एक जागा आहे, एकच. आता तू चेंडू वाटत बसू नको. स्वतः मार."

"दोघांच्या डोक्यावरनं मारू का सर?"

"मारता येतं तुला."

"येतंय. चारातले दोन जातील. ह्याला दिलं तर चारातले चार जातील." त्यानं माझ्याकडे अंगठा केला. "जिंकायचंय ना?"

"जिंकायचं आहेच रे. पण साहेब टोपल्या कोण करतंय ते बघणार."

"कोण करवतंय ते कळंल की त्यांना. साहेब काय आंधळा हाय का?"

सर ताटली उचलून पुढे गेले. ती एक जागा अंबादाससाठी काय होती, हे आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं. त्याचे वडील सोलापुरात दुसऱ्याच्या कारखान्यात माग चालवायचे. त्यांचा उजवा हात आता खांद्याच्या वर जात नव्हता. परीक्षेपर्यंत बघू, बँकेनं घेतलं तर बँक, नाहीतर माझ्या मागांवर तू, असं त्यांनी अंबादासला सांगून ठेवलं होतं. अंबादासनं ते आम्हांला हसत सांगितलं होतं, कारण बँक आपल्याला घेणार याबद्दल त्याला शंका नव्हती. तसं पाहिलं तर आम्हांलाही नव्हती. त्याच्यासारखे खेळणारे मी नंतरही फार थोडे पाहिले, आणि मोठमोठ्या संघांचे सामने मी पुढे जवळून पाहिले.

माझ्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की मी उंच होतो. सहा फूट तीन इंच. लायब्ररीत वरच्या फळीवरचं पुस्तक मी स्टुलावर न चढता काढलं, आणि ते नेमकं बिराजदार सरांनी पाहिलं. "नाव काय तुझं?" म्हणून त्यांनी विचारलं ते तिथेच, पुस्तकांच्या दोन कपाटांमध्ये. मला पळता येत नव्हतं, चेंडू आपटत नेता येत नव्हता, लांबून नेम लागत नव्हता. लोक बघत आहेत म्हटलं की माझे हात लाकडाचे होत. सर दोन आठवड्यांत कंटाळले होते. मला सोडलं नाही ते अंबादासनं.

"ह्याला मी बघतो," तो म्हणाला होता आणि मला टोपलीखाली घेऊन गेला होता. "हा खांब. खांबाच्या डाव्या हाताला, ह्या रेघेच्या बाहेर उभा राहायचं. आत तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबलास तर पंच शिट्टी मारतो, म्हणून बाहेर. मी डावा खांदा टाकलो की एक पाऊल आत, हात वर. चेंडू येईल. आला की वळायचं न्हाई, उडी मारायची न्हाई, नुसता फळीला लावून आत सोडायचा. एवढी उंची देवानं दिलीय, उडी कशाला?"

"तू माझ्याकडे बघितल्याशिवाय कसा देणार?"

"बघितलो तर त्यांना कळंल की. तू हात वर कर, बाकीचं माझं."

मला ते पटेना. तेव्हा त्यानं मला एकदा त्यांच्या कारखान्यात नेलं. आत शिरल्यावर मागांचा असा आवाज, की शेजारचा ओरडला तरी फक्त तोंड हललेलं दिसायचं. त्याचे वडील आमच्याकडे पाठ करून दोन मागांमध्ये उभे होते. कांडी संपत आली की कापडावरची नजर न काढता ते हात वर करायचे. तेव्हा खांदा एवढा दुखत नसावा. आणि कांड्यांच्या टोपलीपाशी बसलेला अंबादासचा धाकटा भाऊ सुताची भरलेली कांडी फेकायचा. ती थेट तळहातात. वडील मागं बघायचेच नाहीत. त्या बोळात उभं राहून अंबादास माझ्या कानाला तोंड लावून ओरडला, "ह्याच्या आधी दहा वर्षं मी फेकायचो! चुकली तर पाठीत धपाटा!"

त्यानंतर मी हात वर करायला लागलो.

सांगलीत मध्यंतरानंतरच्या डावात तेच झालं. अंबादास चेंडू घेऊन यायचा, ते दोघं त्याच्यावर झेपावायचे, तो डावा खांदा टाकायचा. मी एक पाऊल आत आणि हात वर. चेंडू कुठून येतो ते मला दिसायचंच नाही. कधी कुणाच्या काखेखालून, कधी डोक्यामागून, एकदा तर मैदानावर आपटून. पण यायचा तो तळहातात. मी फळीला लावून सोडायचो. कोल्हापूरवाल्यांना शेवटी माझ्यावर माणूस ठेवावा लागला. ठेवला, की अंबादासवरचा एक कमी झाला, आणि मग तो स्वतः मारू लागला. ते त्याच्याकडे वळले, की पुन्हा मी मोकळा. मांडवाखालून टाळ्या पडत होत्या आणि कुणीतरी "पंचवाघ! पंचवाघ!" असं ओरडत होतं. माझं नाव इतक्या मोठ्यानं कुणी घेतल्याचं मला त्याआधी आठवत नाही. खोटं कशाला सांगू, मला ते आवडलं होतं.

शेवटच्या मिनिटाला आम्ही एका गुणानं मागे होतो. चेंडू अंबादासकडे होता, समोर एकच माणूस, आणि वाट मोकळी. मला वाटलं आता हा स्वतः मारणार. मी हात वर करायचाही विसरलो होतो. तेवढ्यात त्याचा डावा खांदा पडला आणि माझा हात आपोआप वर गेला. चेंडू बसला. मी सोडला.

शिट्टी झाल्यावर पोरांनी मला उचललं, म्हणजे उचलायचा प्रयत्न केला. पाय जमिनीला लागतच होते. अंबादास गुडघ्यांवर हात ठेवून दम खात हसत होता.

"स्वतः का नाही मारलंस?" मी विचारलं.

"समोरचा उडी मारणार होता. बघितलो मी. गेला नसता." मग म्हणाला, "आता मांडवाकडं चल. साहेब बोलवणार मला."

साहेबांनी खरोखरच बोलावलं. मांडवात लोखंडी खुर्च्या मांडल्या होत्या, चहाची किटली फिरत होती, आणि बक्षिसाचा चषक टेबलावर तसाच पडून होता. राजाध्यक्ष साहेब पन्नाशीचे, सडपातळ, स्वच्छ. स्वतः पूर्वी चांगले खेळलेले. मी दोन खुर्च्या सोडून चहाचा कप घेऊन उभा होतो. म्हणजे मला सगळं ऐकू येत होतं.

"यन्नम ना? छान खेळलास."

"हो साहेब."

बिराजदार सरांनी डोळे वटारले. अंबादासला त्यात वटारण्यासारखं काही वाटलं नाही.

"तुमच्या संघात सगळ्यांत चांगला कोण?"

"मी."

साहेब हसले. "बरं. आणि तुझ्यानंतर?"

"माझ्यानंतर कुणी न्हाई साहेब. बाकीच्यांना मी खेळवतो."

"असं? आणि तो उंच मुलगा? आज सगळ्यांत जास्त गुण त्याचे आहेत."

"पंचवाघ? त्याला मीच उभा केलोय तिथं. हात वर कर म्हटलं की करतो. चांगला हाय, ऐकतो." त्यानं माझ्याकडे बघून डोळा मारला. "एकटा सोडलात तर त्याला दरवाजासुद्धा सापडणार न्हाई."

एक शब्द खोटा नव्हता. पण साहेबांनी कप बशीत ठेवला तो जरा जपून ठेवला. "ठीक आहे. जा तू," ते म्हणाले, आणि मला खुणेनं बोलावलं.

मी गेलो. माझी मान आपोआप खाली गेली होती. मोठ्या माणसांसमोर ती तशी जायचीच.

"फार सुंदर खेळलात," साहेब म्हणाले.

"नाही सर. मी कसला," मी म्हणालो. "मला खरं तर खेळता येत नाही. यन्नम चेंडू देतो, मी फक्त आत टाकतो. सगळं त्याचंच आहे."

हेही सगळं खरं होतं. पण बोलताना मला माझा आवाज ऐकू आला, आणि तो आवाज माझ्या ओळखीचा होता. आमच्या घरी कुणी पाहुण्यांनी कौतुक केलं की, "छे, माझं कसलं काय," असं ज्या आवाजात म्हणायची पद्धत होती, तोच तो. पहिला नंबर आला तरी त्याच आवाजात सांगायचं. खरं सांगायला माझ्याकडे दुसरा आवाज नव्हता.

राजाध्यक्ष साहेबांचा चेहरा उजळला. ते बिराजदार सरांकडे वळले. "बघा. त्या मुलानं याच्याबद्दल काय सांगितलं, आणि हा काय सांगतोय." मग मला म्हणाले, "वडील काय करतात?"

"शाळेत संस्कृत शिकवतात."

"वाटलंच," साहेब म्हणाले.

आमचा मुक्काम एका शाळेत होता. वर्गातली बाकं जोडून आम्ही झोपायचो. दुसऱ्या दिवशी सकाळी बिराजदार सर वर्गात आले तेव्हा अंबादास बाकावर बसून बुटाच्या फाटलेल्या तळव्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवत होता.

सर दारातच थांबले. "पंचवाघ," ते म्हणाले, "तुला घेतलं बाळा. जूनमध्ये हजर व्हायचं."

मी पांघरुणाची घडी घालत होतो. ती तशीच हातात राहिली.

"आणि मला?" अंबादास म्हणाला.

"एकच जागा होती रे."

"म्हणून विचारतोय सर. एकच होती, तर ती ह्याला कशी?"

"मी भांडलो साहेबांशी. म्हटलं, पंचवाघ खरं बोलतोय, यन्नम फार वरचा आहे. तर म्हणाले, खेळ आहे त्याच्यात, पण संघात माणूस मिसळणारा लागतो. आणि म्हणाले, उंची काही शिकवून येत नाही." सर थांबले. "तुला काय गरज होती रे तसं बोलायची? थोडं नमतं घेतलं असतंस..."

"त्यांनी विचारलं, चांगला कोण. मग काय सांगू? शेजारचा बंड्या?"

सर गेले. वर्गात बाकीची पोरं एकदम आपापल्या पिशव्या आवरायला लागली. अंबादासनं बूट खाली ठेवला आणि माझ्यासमोर येऊन बसला. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता समजून घ्यायला बघत होता. समोरच्या संघानं एखादी नवीनच चाल केली की बघायचा तसा.

"तू काय सांगितलास त्यांना?"

"खरं तेच सांगितलं. मला खेळता येत नाही, सगळं यन्नमचं आहे."

"म्हणून दाखव. जसं म्हणालास तसं."

मी म्हणून दाखवलं. मान खाली गेली, आवाज बारीक झाला. मी मुद्दाम केलं नाही, तो तसाच आला.

अंबादास कपाळावर हात मारून इतका मोठ्यानं हसला, की पिशव्या आवरणारी पोरं थांबली. "अरे असं सांगतेत का बे? असं तर बघायला आलेल्या पाहुण्यांना पोरगी सांगते, मला स्वयंपाक येत न्हाई म्हणून! खरं असलं तर भांडून सांगायचं असतंय. टेबलावर हात आपटून!"

"मला तसं येत नाही."

"आज येईल." तो उठला. "साहेब दुपारच्या गाडीनं जाणारेत. चल स्टेशनवर."

स्टेशनपर्यंत आम्ही चालत गेलो. वाटेत त्यानं माझ्याकडून पाठ करून घेतलं. "साहेब, तुमची चूक होतीय. मी येणार न्हाई. यन्नमला घ्या. एवढंच. तीन वाक्यं. मधे 'सर, जरा' असलं काही घालायचं न्हाई. म्हण." मी म्हणत होतो. "मोठ्यानं." मी मोठ्यानं म्हटलं. एक सायकलवाला वळून बघून गेला. चौथ्या-पाचव्या वेळी मला खरोखरच जमलं. "बघ की," अंबादास खूश होऊन म्हणाला, "वाघ निघतोय एक-एक."

मला त्या वेळी नोकरी हवी होती का? हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारला आहे, की आता पहिलं उत्तर कोणतं होतं ते सापडत नाही. घरी पैशाची ओढ होती, हे खरं. मुंबईत मोठमोठी ग्रंथालयं आहेत, हे मी सकाळपासून दोनदा मनात आणलं होतं, हेही खरं. पण चालताना ती तीन वाक्यं मी मनापासून म्हणत होतो असं मला वाटतं. असं मला वाटायला हवं आहे, म्हणूनही वाटत असेल.

अंबादास प्लॅटफॉर्मवर पाण्याच्या नळापाशी थांबला. "मी आलो तर त्यांना वाटंल, मीच पाठवलो. तू जा. मी इथनं बघतो."

साहेब पहिल्या वर्गाच्या खिडकीत बसले होते. मला बघून उठून दारात आले.

"सर, जरा बोलायचं होतं," मी म्हणालो.

"बोला ना."

"सर, काल मी सांगितलं ते... म्हणजे यन्नम खरंच... आपली बहुतेक चूक..." पहिलं वाक्य असं गेलं. दुसरं मला आठवत होतं. मी येणार नाही. तीनच शब्द. ते तोंडात आले होते.

साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यासाठी त्यांना हात वर न्यावा लागला नाही. पायरीवर उभे असताना ते बरोबर माझ्याएवढे होते. "पंचवाघ, ज्या मुलानं तुमच्याबद्दल चारचौघांत तसे शब्द काढले, त्याच्यासाठी तुम्ही एवढ्या उन्हात चालत आलात. काल माझ्या मनात थोडी शंका होती, खरं सांगतो. आज खात्री झाली."

गार्डानं शिट्टी दिली.

"थँक यू सर," मी म्हणालो, आणि हात जोडले.

गाडी गेल्यावर मी वळलो. अंबादास नळाखाली तोंड धूत होता. मी जवळ जाईपर्यंत तो धूतच राहिला.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, खात्री झाली."

"कुणाची?"

"माझी."

त्यानं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. "हात जोडलास तेव्हाच कळलं मला," तो म्हणाला. "भांडताना हात जोडत न्हाईत."

"मी घरी जाऊन पत्र लिहितो. नको म्हणून कळवतो."

"लिहू नको. तू न्हाई गेलास तर ते दुसरा एखादा उंच बघतील. मला काय घेत न्हाईत आता. त्यांच्या डोक्यात बसलं ते बसलं." शाळेचं फाटक आल्यावर तो म्हणाला, "एक सांगतो. तिथं चेंडू तुला कुणी असा देणार न्हाई. मागून घ्यायला शीक."

तू लिहू नको, असं त्यानंच सांगितलं. मी लिहिलं नाही.

जूनमध्ये मी मुंबईला हजर झालो. दिवसभर बँकेत खुर्ची-टेबल, आणि संध्याकाळी पाच वाजल्यापासून बँकेच्या मैदानावर सराव. संघातली माणसं चांगली होती, नामांकित होती. त्यांच्यातला प्रत्येक जण स्वतः टोपली करू शकत होता, त्यामुळे दुसऱ्या कुणाची वाट बघायचं त्यांना कारणच नव्हतं. मी मला येत होतं ते केलं. खांबाच्या डाव्या हाताला, रेघेच्या बाहेर. कुणाचा खांदा पडला असं वाटलं की एक पाऊल आत, हात वर. कुणाचाच खांदा माझ्यासाठी पडत नव्हता. कधी चेंडू आलाच तर तो मी बघत असताना, समोरून, छातीवर यायचा, आणि माझ्या हातून सुटायचा. "अरे, हा झोपलाय का?" असं एकजण म्हणायचा. मग तेही म्हणेनासे झाले.

सप्टेंबरात बिराजदार सरांचं कार्ड आलं. त्यात कॉलेजच्या नव्या संघाबद्दल होतं आणि शेवटी एक ओळ होती, की यन्नम परीक्षेला बसला नाही, माग चालवतो, भेटला की तुझी चौकशी करतो. ते कार्ड मी ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकात खूण म्हणून ठेवलं. त्या ग्रंथालयात मला रोज संध्याकाळी सरावानंतर जागा मिळायची, खिडकीजवळची. तितकं सुख मला आयुष्यात त्याआधी मिळालं नव्हतं.

त्याच महिन्यात एका संध्याकाळी राजाध्यक्ष साहेब सराव बघायला आले. खुर्ची घेऊन कडेला बसले. अर्धा सराव त्यांनी तिथूनच बघितला. मग शिट्टी वाजवून त्यांनी खेळ थांबवला आणि मला बोलावलं.

"बसा, पंचवाघ."

मी उभाच राहिलो.

"पुढच्या महिन्यात तुमचं कायम होण्याचं पत्र माझ्या सहीनं जाईल," ते म्हणाले. ते नेहमी सरळ बघून बोलत. त्या दिवशी ते मैदानाकडे बघत होते. "त्याआधी एक विचारायचं आहे. सांगलीला तुम्ही मला दोनदा म्हणालात, की तुम्हांला खेळता येत नाही, सगळं त्या दुसऱ्या मुलाचं आहे. यन्नम. मी ते तेव्हा वेगळ्या अर्थानं घेतलं." ते थांबले. "गेले तीन महिने मी बघतोय. म्हणून विचारतो. ते तुम्ही खरंच सांगत होतात का? तसं असेल तर चूक माझी आहे, तुमची नाही. अजून ती दुरुस्त करता येईल. त्या मुलाला मी अजूनही बोलावू शकतो."

मैदानावर पोरं चेंडू आपटत थांबली होती. संध्याकाळचं ऊन फळीवर आलं होतं. मला एवढंच म्हणायचं होतं, हो सर. ते म्हणायला ना भांडावं लागणार होतं, ना टेबलावर हात आपटावा लागणार होता. माझ्या त्या बारीक आवाजातही ते चाललं असतं, कारण या वेळी समोरचा माणूस ऐकायला बसला होता.

मी मान वर केली. साहेबांच्या डोळ्यांकडे बघितलं. आणि सांगलीच्या रस्त्यावर अंबादासनं माझ्याकडून घोकून घेतला होता तो आवाज, तो खणखणीत आवाज, मला पहिल्यांदा आणि शेवटचा सापडला.

"नाही सर," मी म्हणालो. "ते मी आपलं विनयानं म्हणालो होतो."

साहेबांनी सुस्कारा सोडला. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला.

"वाटलंच," ते म्हणाले. "सवय व्हायला वेळ लागतो. जा, खेळा."

त्यांनी शिट्टी वाजवली. मी पळत जाऊन खांबाच्या डाव्या हाताला, रेघेच्या बाहेर उभा राहिलो, आणि हात वर केला.